धमन्यांच्या ताठरपणाची तपासणी: रंगीत रिपोर्टातला बाण किती खरा?

साठी ओलांडलेल्यांच्या तपासणी पॅकेजात रक्त, लघवी, ईसीजीच्या जोडीला हल्ली आणखी एक ओळ दिसते: धमन्यांचा ताठरपणा, म्हणजे आर्टेरियल स्टिफनेस. खाली बारीक अक्षरांत ‘विसरभोळेपणाचा धोका आधीच ओळखा’ अशा अर्थाचं आश्वासन. निपाणीकडची माणसं मोठ्या तपासणीला कोल्हापूर गाठतात, अथणी-कागवाडची मिरज, खानापूरची बेळगाव. कुठेही गेलात तरी शेवटी हातात पडतो तो एक रंगीत कागद, हिरवा-पिवळा-लाल पट्टा आणि त्यावर एक बाण. हे परीक्षण त्या तपासणीचं आहे, कुठल्या एका सेंटरचं नव्हे. कारण यंत्रं मोजक्याच जातींची आहेत आणि चुका सगळीकडे त्याच होतात.

गुण आधीच देऊन टाकतो. दोन्ही दंड आणि दोन्ही घोटे मिळून चार पट्ट्यांची तपासणी, नीट केली तर ५ पैकी ३. दंडाला एकच पट्टा बांधून ताठरपणाचा आकडा सांगणारं यंत्र १. बोटाला चिमटा लावून ‘धमनीचं वय’ छापणारं शून्य. आणि घरी ठेवायचं दंडावरचं बीपीचं साधं यंत्र, ज्याचा पॅकेजच्या पत्रकात उल्लेखही नसतो, त्याला ४.

मुळात मोजतात काय? हृदयाचा ठोका पडला की दाबाची एक लाट धमन्यांतून पुढे धावते. उसाच्या फडात मोटर सुरू केली की रबरी नळी जराशी फुगते आणि धक्का गिळते; त्याच मोटरीला पीव्हीसी पाइप जोडला तर धक्का थेट शेवटच्या सांध्यावर जाऊन आदळतो आणि गळती तिथेच सुरू होते. तरुणपणी महाधमनी ही रबरी नळी असते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके झेलत तिच्या भिंतीला लवचीक ठेवणारं इलॅस्टिन तुटत जातं. मोठेपणी ते नव्याने फारसं तयार होत नाही. त्याची जागा चिवट कोलॅजन घेतं, वर कॅल्शियम बसतं. नळी जितकी ताठ, तितकी लाट वेगात धावते. म्हणून लाटेचा वेग मोजायचा आणि त्यावरून ताठरपणा ओळखायचा. या वेगाला पल्स वेव्ह व्हेलॉसिटी म्हणतात, रिपोर्टात ती पीडब्ल्यूव्ही अशी येते.

मेंदू हा त्या पाइपलाइनीचा शेवटचा सांधा. वजनाने तो शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा १५ ते २० टक्के वाटा तोच घेतो, आणि इतकं रक्त सतत यावं म्हणून त्याच्या वाहिन्या सैल, उघड्या असतात. मूत्रपिंडाचंही तसंच. महाधमनीने न गिळलेला धक्का मग थेट केसाएवढ्या वाहिन्यांपर्यंत पोहोचतो. वर्षानुवर्षं हे चाललं की एमआरआयवर पांढरे डाग, बारीकसे खड्डे, सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके दिसू लागतात. विचारांचा वेग मंदावणं, हिशेब चुकणं, दोन कामं एकदम न जमणं हे पुष्कळदा त्यातून येतं. नावं विसरणं हे त्यामानाने मागाहूनचं लक्षण.

म्हणजे पत्रकातला दावा हवेतला नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात सरासरी ७८ वर्षांच्या ३५६ जणांचा साधारण १५ वर्षं मागोवा घेतला होता. ज्यांच्या धमन्या जास्त ताठर, त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा आजार, होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघाली. पण त्याआधी, २००७ मध्ये, नेदरलँड्सच्या रॉटरडॅम अभ्यासात वय, बीपी वगैरे हिशेबात धरल्यावर असा स्वतंत्र संबंध सापडला नव्हता. पत्रकात पहिला आकडा असतो, दुसरा नसतो. शिवाय ‘६० टक्के जास्त’ म्हणजे शंभरातल्या साठांना होणार असं नव्हे. समजा ताठरपणा कमी असलेल्या शंभरांत दहा जणांना झाला, तर जास्त असलेल्या शंभरांत सोळांना. गटासाठी हा फरक मोठा आहे. पण समोर बसलेले आजोबा त्या सोळांतले की उरलेल्या चौऱ्याऐंशींतले, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज आहे. एवढा पसरलेला आजार एका बाणावर ओळखता आला असता तर बरंच होतं.

आता चार पट्ट्यांकडे. पलंगावर उताणं झोपवतात, दोन्ही दंडांना आणि घोट्यांच्या वर पट्टे, मनगटांना ईसीजीच्या क्लिपा, कित्येक यंत्रांत छातीवर हृदयाचा आवाज टिपणारा छोटा माइक. चारही पट्टे एकदम फुगतात आणि काही मिनिटांत मोजणी संपते. दुखत नाही, बारीक पायांच्या म्हाताऱ्यांना घोट्याचा पट्टा आवळल्यासारखा वाटतो, तेवढंच. दंडावरचा पट्टा कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर हवा, पायाचा घोट्याच्या हाडाच्या थोडा वर, आणि दोन्हीकडे उघड्या कातडीवर. स्वेटरवरून, पोलक्याची घट्ट बाही वर सरकवून, पायमोज्यावरून पट्टा बांधला की आकडा गेला. लुगड्यातल्या आजींसाठी पडदा आणि एखादी बाई मदतीला आहे का, हे आधी विचारा. नसली की घाईघाईत पट्टा कुठेही बसतो. डायलिसिसचा फिस्तुला, म्हणजे शस्त्रक्रियेने जोडलेली शीर, असलेल्या हाताला पट्टा बांधायचा नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताबद्दलही आधीच सांगावं.

सगळ्यात जास्त गडबड होते ती विश्रांतीत. पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस जिना चढतो, नंबर लागतो आणि पाचव्या मिनिटाला पट्टे फुगतात. मोजण्याआधी निदान दहा मिनिटं शांत पडून राहायला हवं. बोलणं नको आणि झोपही नको, कारण दोन्हींनी दाब बदलतो. मोजण्याच्या तीन तास आधीपासून चहा-कॉफी, जेवण, विडी, तंबाखू बंद. इथे आपल्या भागातली एक खास फट आहे: ‘तंबाखू खाता का?’ म्हटल्यावर आजी ‘छे बाई’ म्हणतात, पण सकाळी उठल्या उठल्या मशेरी लावलेली असते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीन हिरड्यांतून आत जातं, बीपी आणि ठोके वाढवतं. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात काम करणाऱ्या सेंटरने तरी हा प्रश्न मशेरीचं नाव घेऊनच विचारायला हवा. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर चुकवायच्या नाहीत. किती वाजता घेतल्या तेवढं लिहून न्यायचं.

दुसरी गडबड उंचीची. यंत्र लाटेचा वेळ खरोखर मोजतं, पण तिने कापलेलं अंतर मोजत नाही. ते उंचीवरून काढतं. सर्रास वापरलं जाणारं जपानी सूत्र असं: उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ०.५९३४, अधिक १४.४. उंची १६० असेल तर अंतर सुमारे १०९ सेंटिमीटर, १५० असेल तर १०३. आता आजींची खरी उंची १५० आणि काउंटरवर ‘किती हो उंची?’ ‘असेल पाच-तीन’ या संवादातून १६० टाकली गेली, की सेकंदाला १७०० सेंटिमीटर असलेला वेग १८०० च्या घरात जातो. म्हणजे नेमका धोक्याच्या रेषेवर! उंची भिंतीला उभं करून मोजल्याशिवाय पलंगावर चढायचं नाही.

तिसरी गोष्ट त्या वेळच्या बीपीची. धमनीत दाब जास्त असेल तेव्हा तिची भिंत ताणलेली असते आणि लाट आपोआप वेगाने धावते. १६० बीपीवर मोजलेला वेग आणि महिनाभर गोळ्या घेऊन १३० वर मोजलेला वेग यांची तुलना करून ‘धमन्या मऊ झाल्या’ म्हणणं म्हणजे ओली आणि वाळलेली हळद एकाच भावाने मोजणं. ज्या रिपोर्टात मोजणीच्या क्षणाचं बीपी छापलेलं नाही, तो घेऊ नका. सीएव्हीआय नावाचा ताठरपणाचाच दुसरा आकडा दाबावर बराच कमी अवलंबून असतो. तो देणारं यंत्र असेल तर उत्तम. तिथे ८ च्या खाली ठीक, ८ ते ९ कुंपणावर, ९ आणि पुढे ताठर. नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, तर यातला कुठलाच आकडा भरवशाचा नाही. पण त्या निमित्ताने अनियमित नाडी सापडली तर मात्र पैसे वसूल. पक्षाघात आणि डिमेन्शिया दोन्हींचा धोका ती वाढवते आणि तिच्यावर औषध आहे.

रिपोर्ट वाचताना होणारी एक चूक इतकी नेहमीची आहे की ती वेगळी सांगावी लागते. मानेपासून जांघेपर्यंतचा वेग, हे मूळ मापन, सेकंदाला १० मीटरच्या वर गेला की ताठरपणा मानतात. दंड ते घोटा हा वेग निराळा, कारण त्यात पायाच्या मुळातच कडक धमन्या मोजल्या जातात; तिथे रेषा १८ मीटरची, म्हणजे १८०० सेंटिमीटरची, आणि १४ ते १८ हा मधला टप्पा. चार पट्ट्यांवर १४.५ आलेला माणूस इंटरनेटवर ‘१० च्या वर धोका’ वाचून रात्रभर झोपत नाही. कुठला वेग मोजला ते आधी बघा, मग मीटर की सेंटिमीटर ते.

या तपासणीतला सगळ्यात उपयोगी आकडा बाणाजवळ नसतो, कोपऱ्यात असतो: एबीआय, घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी. ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे पायाच्या धमनीत अडथळ्याची शक्यता. विडी ओढणाऱ्या आणि शुगर असलेल्या माणसाला ‘चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की उतरते’ असं होत असेल तर हा आकडा सगळं पॅकेज वसूल करतो. उलट १.४ च्या वर गेला तर घोट्याच्या धमन्या कॅल्शियमने इतक्या कडक झाल्यात की पट्टा त्या दाबूच शकत नाही. जुन्या शुगरमध्ये हे दिसतं. एबीआय ०.९ च्या खाली असेल तर त्या पायाचा ताठरपणाचा आकडा खोटा कमी येतो. अशा रिपोर्टावर हिरवा बाण असला तरी त्याला अर्थ नाही, आणि छापणारं सॉफ्टवेअर हे दर वेळी स्पष्ट सांगेलच असं नाही.

एकाच पट्ट्याचं यंत्र दंडावरच्या लाटेच्या आकारावरून अंदाज बांधतं. त्या अंदाजातला मोठा भाग तुम्ही टाकलेलं वय आणि वरचं बीपी यांचाच असतो. पडताळा सोपा आहे: ऑपरेटरला वय ७० ऐवजी ५० टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा झपकन उतरला तर यंत्राने धमनी नव्हे, जन्मतारीख मोजली. बोटाचा चिमटा त्याहून पुढचा. डिसेंबरातल्या बेळगावच्या सकाळी बोटं गार पडलेली असतात, वाहिन्या आकसतात, लाटेचा आकार बदलतो. मेंदी, नखरंग, हाताची थरथर, शेतकऱ्याची जाड झालेली कातडी, सगळं त्या आलेखात उतरतं. मंडळाच्या हॉलमधल्या मोफत शिबिरात ‘तुमच्या धमनीचं वय ८४’ असं ६८ वर्षांच्या माणसाला सांगायचं आणि पुढच्या टेबलावर काढ्याच्या बाटल्या मांडायच्या, याला तपासणी म्हणत नाहीत. धमन्या मऊ करणारा काढा नाही. धमन्या मऊ करण्यासाठी म्हणून खास गोळीही नाही.

पॅकेजात कधी कधी ‘मेमरी टेस्ट’ जोडलेली असते. तिच्याबद्दल आमची तक्रार मोठी आहे, आणि ती सीमाभागाचीच आहे. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. आज ऐंशीच्या घरात असलेल्या कित्येकांची शाळा मराठी, हिशेब मराठी, शिव्याही मराठी. बाजारापुरती कन्नड येते. अशा माणसाला पाच शब्द कन्नडमध्ये सांगून ते पाच मिनिटांनी परत विचारले, किंवा एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायला लावले, तर तो नापास होतो. तिथे स्मृती तपासलेली नसते, भाषा तपासलेली असते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशी भाषांसाठी तयार केलेला चाचणी संच आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये आला, मराठी त्यात नव्हती. मोका नावाची ३० गुणांची चाचणी मात्र मराठीत आहे. २६ च्या खाली गेल्यास पुढे तपासतात, बारा वर्षं किंवा कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात, आणि शाळा फार कमी झालेल्यांसाठी वेगळी सोपी आवृत्ती आहे. ‘मराठीतली चाचणी आणि मराठी बोलणारा तपासनीस आहे का?’ हे विचारून घ्या. ‘आज तारीख काय?’ याला ‘आषाढातली दशमी’ हे उत्तर बरोबर असेल तर ते बरोबरच धरायला हवं. आणि वडगाव-खासबागच्या मागाच्या खटखटीत चाळीस वर्षं काढलेल्या विणकराची आधी श्रवण चाचणी करा. शब्द ऐकूच आला नाही तर आठवणार काय? शिवाय बहिरेपणा हा स्वतःच डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत गणला जातो.

घरच्या बीपी यंत्राला ४ गुण का, तर ताठरपणाची ढोबळ खूण ते फुकट देतं. वरच्या आकड्यातून खालचा वजा करा. १३२/७८ असेल तर ५४. १५८/७२ असेल तर ८६. वय झालेल्यांत हा फरक ६० किंवा जास्त राहिला तर धमन्या ताठरल्याची ती खूण मानतात. ‘खालचं ७२ आहे ना, मग काळजी नाही’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य नेमकं उलटं आहे: ताठर नळी दोन ठोक्यांच्या मध्ये दाब धरून ठेवू शकत नाही, म्हणून खालचा आकडा घसरतो.

यंत्र दंडावरचंच घ्या, मनगटावरचं नको. घेण्याआधी टेपने दंडाचा घेर मोजा. बहुतेक यंत्रांबरोबर येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. वाळलेल्या दंडावर मोठा पट्टा बांधला तर बीपी खोटं कमी दिसतं, जाड दंडावर लहान बांधला तर खोटं जास्त. मॉडेल तपासून प्रमाणित झालंय का, हे स्ट्राइड बीपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत मिळतं. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, लघवी करून आलेलं, पाच मिनिटं गप्प बसून. सकाळी गोळीच्या आणि न्याहारीच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून; रात्री तसंच दोनदा. सात दिवस. पहिला दिवस खोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे. एकदा उभं राहून तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर तेही लिहा, कारण गोळी वाढवताना हीच माणसं न्हाणीघरात पडतात.

बीपी उतरवल्याने मेंदू वाचतो का? अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांत, १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा, सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्क्यांनी कमी दिसला. डिमेन्शियातली घट मात्र ठामपणे सिद्ध झाली नाही. त्यात शुगर असलेले आणि आधी पक्षाघात झालेले घेतले नव्हते, तेव्हा १२० हा आकडा आपल्या मनाने आजोबांना लावू नका. मिठाचं तेवढं घरात करता येतं: दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात भाकरीबरोबरचा ठेचा, लोणचं, पापडाचा खार सगळं आलं. कमी सोडियमचं मीठ चांगलं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही बीपी चढवतात. वही डॉक्टरांना दाखवाल तेव्हा त्या पाकिटासकट दाखवा.

चार पट्ट्यांची तपासणी एकदा करून घ्यावी ती पन्नाशी-साठीतल्या माणसाने: बीपी कुंपणावर, गोळी सुरू करायची की नाही यावर डॉक्टर अडलेले, किंवा तंबाखू-शुगरची जोडी आणि पाय दुखणारे. पंच्याऐंशीच्या आजींना, ज्यांच्या गोळ्या आधीच चालू आहेत, त्यांना मिरजेपर्यंत नेऊन काहीही बदलणार नाही. दर सहा महिन्यांची वर्गणी कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. जाण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा: पट्टे चार की एक, उंची मोजता की विचारता, रिपोर्टात त्या वेळचं बीपी आणि एबीआय छापता का, मोजण्याआधी दहा मिनिटं शांत पडून राहू देता का. शेवटच्यावर पलीकडून ‘अहो, पाच मिनिटांत सोडतो’ असं उत्तर आलं, तर त्या पैशात दंडाच्या मापाचा पट्टा असलेलं यंत्र येतं का ते बघा.